कटर : तार, केबल व पत्रा कापण्याची हत्यारे

धातूची तार, विजेची केबल आणि पत्रा कापणाऱ्या हातहत्यारांना व यंत्रांना कारागिरांच्या बोलीत ‘कटर’ म्हणतात. साइड कटर, केबल कटर, बोल्ट कटर, पत्रा कात्री, निबलर आणि ग्राइंडर हे त्यांचे नेहमीचे प्रकार आहेत. कटरची निवड तीन गोष्टींवर ठरते : मालाची कठीणता, त्याची जाडी आणि कापलेले टोक कशासाठी हवे आहे.

तत्त्व : हातकटर ही तरफच असते. रिव्हेटपासून हाताची पकड १६० मिमी. आणि तार २० मिमी. अंतरावर असेल, तर हाताचा जोर आठपट होऊन तारेवर पडतो. म्हणून तार जबड्याच्या टोकाशी न धरता रिव्हेटच्या जवळ धरावी. व्यास दुप्पट झाला की छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते व लागणारा जोरही साधारण त्याच प्रमाणात वाढतो. बोल्ट कटर आणि एव्हिएशन स्निप (पत्रा कात्रीचा एक प्रकार) यांत दोन तरफा जोडलेल्या असल्याने जोर दोनदा वाढतो. धारा दोन रीतींनी काम करतात. साइड कटरच्या धारा समोरासमोर येऊन पाचरीसारख्या तारेत शिरतात. कात्रीची पाती एकमेकींना घासून जातात.

तार : तांबे, अ‍ॅल्युमिनियम आणि बाइंडिंग तार साइड कटरने किंवा पक्कडीच्या धारेने सहज तुटतात. स्प्रिंगची तार व पियानोची तार यांची गोष्ट वेगळी आहे. मऊ तांब्याची ताणशक्ती २०० ते २५० मेगापास्कल, तर पियानोच्या तारेची २,००० मेगापास्कलच्याही वर असते. अशी तार साध्या कटरमध्ये धरली की तारेऐवजी धारेलाच खाच पडते. चांगल्या कटरसोबत मऊ, मध्यम, कठीण व पियानो तार यांसाठी किती व्यास चालेल हे वेगवेगळे दिलेले असते. खरेदीच्या वेळी हीच नोंद पाहावी. इलेक्ट्रॉनिक कामातला फ्लश कटर टोक जवळजवळ सपाट सोडतो, पण त्याची धार नाजूक असल्याने तो मऊ तांब्यापुरताच वापरावा.

केबल : केबलच्या आत अनेक बारीक तारा असतात. साइड कटरने त्या चेपतात आणि टोक चपटे होऊन लगमध्ये (केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या जोडतुकड्यात) नीट बसत नाही. बाहेर राहिलेल्या तारांमुळे वाहकाचा छेद कमी होतो आणि जोड तापतो. केबल कटरची वक्र पाती केबलला चहूबाजूंनी कवेत घेऊन कापतात, त्यामुळे टोक गोल राहते. लहान केबलला साधा हातकटर, मोठ्या केबलला रॅचेटचा आणि त्याहून मोठ्या केबलला हायड्रॉलिक किंवा बॅटरीवर चालणारा कटर लागतो. केबलचे माप चौरस मिमी.मध्ये सांगतात (१.५, २.५, ४, ६, १०, १६, २५, ३५ इत्यादी). हे वाहकाचे क्षेत्रफळ आहे. कटरवर मात्र पुष्कळदा आवरणासह बाहेरचा व्यास दिलेला असतो. दोन्ही आकडे तपासावेत.

तांबे-अ‍ॅल्युमिनियमच्या केबल कटरमध्ये पोलाद कधीही घालू नये. खांबांवरच्या ‘वीझल’ व ‘रॅबिट’ वाहकांत सहा अ‍ॅल्युमिनियम तारांच्या मधोमध एक पोलादी तार असते. आर्मर्ड केबलवर पोलादी तारांचे किंवा पट्ट्यांचे चिलखत असते. यांना पोलादासाठी बनवलेला कटर किंवा हॅक्सॉ वापरावा.

पत्रा : बाजारात पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा वाढतो तशी जाडी घटते : ब्रिटिश प्रमाणानुसार १८ गेज म्हणजे १.२२ मिमी., २२ गेज ०.७१ मिमी., २४ गेज ०.५६ मिमी. देशोदेशींच्या गेजपट्ट्या जुळत नाहीत, म्हणून जाडी मिमी.मध्येच विचारावी. सरळ कापासाठी साधी पत्रा कात्री पुरते. एव्हिएशन स्निपची पिवळी मूठ सरळ, लाल मूठ डावीकडे आणि हिरवी मूठ उजवीकडे वळणाऱ्या कापासाठी असते. सौम्य पोलादाचा सुमारे १.२ मिमी. जाडीपर्यंतचा पत्रा ही स्निप कापते. स्टेनलेसच्या बाबतीत ही मर्यादा ०.८ मिमी.च्या आसपास येते. हॅक्सॉने पातळ पत्रा कापायचा तर इंचाला ३२ दातांचे पाते घ्यावे, कारण निदान तीन दात एकाच वेळी मालावर टेकायला हवेत.

यंत्रे : निबलर पत्र्याचे बारीक तुकडे पाडत पुढे सरकतो. पन्हळी पत्रा व वळणाचे काप यांत तो सरस ठरतो आणि पत्रा वाकत नाही. विजेची शिअर लांब सरळ कापाला उपयोगी पडते. ग्राइंडर जाड पोलाद कापतो, पण ठिणग्या उडवतो. जस्ताचा किंवा रंगाचा लेप दिलेल्या छपराच्या पत्र्यावर तो चालवू नये : कडेचा लेप जळतो, तापलेले लोहकण रंगात रुततात आणि तिथून गंज सुरू होतो. ग्राइंडरच्या चकतीवर लिहिलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी असता कामा नये.

सुरक्षा व निगा : कापताना तारेचे सुटे टोक बाणासारखे उडते, ते जमिनीकडे धरावे आणि चष्मा घालावा. पत्र्याला हातमोजे हवेतच. मुठीवरचे साधे प्लास्टिक हे विद्युत संरक्षण नव्हे. १,००० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबापर्यंतच्या कामाच्या हत्यारांवर आयईसी ६०९०० या मानकाची खूण असते. तरीही केबल कापण्याआधी पुरवठा बंद करून टेस्टरने खात्री करावी. मुठीला पाइप लावून जोर वाढवू नये, कटरवर हातोडा मारू नये. रिव्हेटला तेलाचा थेंब द्यावा आणि कापलेली कड कानशीने साफ करावी.

मिश्र मालासाठी कटर निवडताना त्यातल्या सर्वांत कठीण धाग्याचाच विचार करावा. धार त्या एका धाग्यावरच तुटते.