सटवाईची रात्र आणि सव्वा महिना

मूल जन्मले की पाचव्या दिवशी आपल्याकडे पाचवी पुजतात. कुठे सहाव्या दिवशी षष्ठी पुजतात. पाटा-वरवंटा मांडायचा, शेजारी विळा ठेवायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची आणि दिवा लावून तो रात्रभर विझू द्यायचा नाही. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, अशी समजूत. घरातल्या चार बायका बाळंतिणीजवळ बसून ती रात्र जागवतात.

तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या भाषणात पाचवीचे काय काम? इतिहास म्हणजे राजे, लढाया, तह. पण ज्या खोलीत राजाही जन्मतो आणि रंकही, त्या बाळंतिणीच्या खोलीलाही इतिहास आहे. या खोलीत किती आया आणि किती लेकरे दगावली आणि ती पुढे कशी वाचू लागली, ही गोष्ट लढायांपेक्षा लहान नाही. आज तीच आपण पाहू.

आधी एक प्रश्न. जागरण पाचव्या-सहाव्या रात्रीच का? पहिल्या रात्री का नाही?

पूर्वी घरोघर एक दुःख ठाऊक होते. मूल चांगले जन्मायचे, दोन दिवस चांगले अंगावर प्यायचे. मग तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ते दूध ओढीनासे व्हायचे. जबडा मिटून जायचा, तोंड उघडायचे नाही, हाताचा स्पर्श झाला तरी अंग ताठ व्हायचे आणि धनुष्यासारखे वाकायचे. आठवडा-दीड आठवड्याच्या आत खेळ आटोपायचा. बायका म्हणायच्या, "सटवीनं नेलं." हा धनुर्वात. त्याचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. नाळ विळ्याने, कोयत्याने नाही तर बांबूच्या कामटीने कापली जाई. वर राख, कुठे शेणही लावत. त्या वाटेने जंतू आत शिरायचे आणि साधारण आठवडाभराने आपला गुण दाखवायचे.

पाचवीची रीत धनुर्वातातूनच निघाली असा माझा दावा नाही. पण वेळ किती नेमकी जुळते ते पाहा. आपल्या आज्या-पणज्यांना धोका केव्हा येतो हे पक्के ठाऊक होते. तो कुठून येतो हे मात्र ठाऊक नव्हते. पूजेत विळा सटवाईला धाक म्हणून ठेवला जायचा आणि पुष्कळदा त्याच विळ्याने नाळ कापलेली असायची. गेल्या पावणेदोनशे वर्षांत बाळंतिणीच्या खोलीत जे बदलले, ते थोडक्यात इतकेच: वेळ आपल्याला माहीत होती, वाट नंतर कळली.

ही जाग फार जुनी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागार कसे असावे याचे वर्णन आहे. नववा महिना लागण्याआधी ते बांधून ठेवावे, त्यात अग्नी असावा, पाणी असावे, अनुभवी बायका असाव्यात असे सांगितले आहे. आणि बाळंतिणीजवळ सख्यासोबतिणींनी दहा-बारा दिवस जागत राहावे, असेही सांगितले आहे. म्हणजे एकट्या बाईने हे दिवस काढायचे नाहीत, हा विचार आपल्याकडे मुरलेला होता.

आता त्या खोलीत बाळंतिणीचे दिवस कसे जात ते पाहू. पहिलटकरीण बहुधा माहेरी येई. दहा दिवस सोयर, कुणी शिवायचे नाही. अंधारी खोली, बाज, बाजेखाली शेगडी, ओव्या-शेपांची धुरी. सकाळी सुईण येऊन अंगाला तेल चोळी, कढत पाण्याने न्हाऊ घाली, पोट आवळून बांधी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येई, छाती दगडासारखी होई, अंग कसकसे. त्याच सुमारास कारण नसताना डोळ्यांना पाणी येई. "काय झालं गं?" म्हणून आईने विचारले तर सांगता येत नसे. रात्री मूल रडे, पोटात कळा येत, झोप अर्ध्या-अर्ध्या घटकेची. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, तूपभात ज्यांच्या घरी होते त्यांना मिळे.

या रीतीत चांगले पुष्कळ होते. ऊब, विसावा, पोटभर खाणे, अंगाला तेल आणि जवळ आपले माणूस. आज डॉक्टर बाळंतिणीसाठी हेच मागतात. पण वाईटही होते. धुराने कोंडलेली खोली होती. सोयर म्हणून बाळंतिणीला घरातली सगळ्यांत मळकी फडकी मिळायची. कुठे कुठे पाणीसुद्धा मोजून देत. आणि पहिले पिवळे दूध, म्हणजे चीक, पिळून टाकून देत. याबाबतीत जुने ग्रंथही एका मताचे नाहीत. चरक मध-तूप चाटवून पहिल्याच दिवशी मुलाला पाजायला सांगतो, तर सुश्रुताच्या मते दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते आणि तोवर मध-तूप द्यावे. आपल्या घरांनी बहुधा सुश्रुताची वाट धरली. शेतकऱ्याला वासराला पहिला चीक पाजायचे कळते, ते घरच्या लेकराच्या बाबतीत मात्र विसरले गेले. त्या चिकात रोगांशी झुंजण्याचे बळ असते, हे आज सिद्ध झालेले आहे. बाळाला मध-पाणी न देता जन्मल्यापासून तासाभराच्या आत अंगावर घ्यावे, असाच आजचा सल्ला आहे.

आता थोडे दूर जाऊ, कारण आंधळेपणा काही आपल्याच खोलीत होता असे नाही. युरोपात व्हिएन्ना शहरात एक मोठे रुग्णालय होते. तिथे बाळंतपणाचे दोन विभाग. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात सूतिकाज्वराने कितीतरी जास्त बायका मरत. बायका हातापाया पडत, "आम्हांला सुइणींकडे पाठवा." सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने शोध घेतला. विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणीला तपासत होते. १८४७ साली त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्या वर्षी एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका गेल्या होत्या, जूनमध्ये दोनच्या आसपास गेल्या. नुसते हात धुतल्याने! पण मोठ्या डॉक्टरांना हे मानवले नाही. मृत्यू आपल्याच हातांनी नेला होता हे कबूल करणे कठीण असते. सेमेलवाइस १८६५ साली उपेक्षेतच मरण पावला.

त्याच १८६५ साली आपल्याकडे कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि नाव पडले आनंदी. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. दहा दिवस म्हणजे पाचवी झाली होती आणि बारसे अजून व्हायचे होते. त्या दुःखातून, वैद्यकीची मदत मिळाली नाही या जाणिवेतून, तिने डॉक्टर व्हायचे ठरविले आणि १८८३ साली ती एकटी अमेरिकेला गेली. १८८६ साली ती पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाली. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय होता प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. बाळंतिणीच्या खोलीतून निघालेली ही बाई हजारो कोस दूर जाऊनही त्याच खोलीचा विचार करीत होती. १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षे पुरी व्हायच्या आत, क्षयाने त्यांचा अंत झाला. एकाही बाळंतिणीची सेवा स्वदेशी त्यांच्या हातून होऊ शकली नाही.

पण वाट मोकळी झाली होती. १८८५ साली स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून डफरिन फंड निघाला. १८८६ साली मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. डॉ. रखमाबाई १८९४ साली विलायतेहून डॉक्टर होऊन परतल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी वर्षानुवर्षे स्त्रियांची सेवा केली. तिकडे बर्लिनमध्ये किटासाटो या जपानी शास्त्रज्ञाने १८८९ साली धनुर्वाताचा जंतू वेगळा काढून दाखविला. सटवाईच्या नावावर घातलेल्या गुन्ह्याचा खरा गुन्हेगार सापडला.

पुढे सुइणींना शिकवणारे पाच गोष्टी बोटांवर मोजून सांगू लागले: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ आणि नाळेवर काही लावायचे नाही. गरोदर बाईला धनुर्वाताची लस देण्याची प्रथा रुजली. १९८५ साली सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाने ती खेड्यापाड्यांत नेली. २०१५ साली भारतातून बाळंतिणीचा आणि नवजात मुलाचा धनुर्वात हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. हटला म्हणजे तुरळक इतका उरला. माती तीच आहे आणि जंतूही तोच आहे, म्हणून लस चुकवून चालणार नाही.

मंडळी, स्वच्छता झाली, लस झाली. पण विसाव्याचे काय? सव्वा महिना म्हणतो खरे, पण तो मिळत होता कुणाला? ज्या घरात साठवणीला धान्य आणि कामाला दुसरे हात, त्या घरात. मजुरीवर जाणारी बाई दहाव्या-बाराव्या दिवशी मूल बांधाला झोळीत टांगून खुरपायला जात असे. मुंबईच्या गिरण्यांत बाईने बाळंतपणाला सुटी घेतली की मजुरी बुडे. १९२४ साली कामगारपुढारी ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतीच्या रजेचे विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात असेच विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. पुढे १९६१ साली सबंध देशासाठी कायदा होऊन बारा आठवड्यांची रजा मिळाली, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवडे झाली. पण कारखान्यातल्या आणि कचेरीतल्या बाईची ही गोष्ट. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या बाईला पगारी रजा कोण देणार? हा प्रश्न सुटलेला नाही.

आता शेवटचा मुक्काम गडचिरोली. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत एक प्रयोग केला. बाळंतपणे घरी होत होती आणि दवाखाना दूर होता. त्यांनी गावातलीच एकेक बाई निवडली, तिला शिकविले, आरोग्यदूत हे नाव दिले. ती बाळंतपणाला हजर राही आणि पुढचा महिनाभर घरी जाऊन बाळ पाही. वजन करी, ताप मोजी, श्वास मोजी, ऊब देई, जंतुदोष दिसला तर ठरलेले औषध देई. त्याआधी तिथे हजारात साठाहून अधिक मुले पहिल्या महिन्यातच जात. तीन वर्षांत तो आकडा पंचविसाच्या आसपास आला. १९९९ साली हे जगापुढे मांडले गेले. २०११ पासून हीच पद्धत देशभर आशाताईंच्या हाती आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. घरी जन्मले तर पहिल्या दिवशीही.

हे दिवस जरा मोजून पाहा. तिसरा आणि सातवा, त्यांच्या मधोमध आपली पाचवी. बेचाळिसावा, म्हणजे आपला सव्वा महिना संपता संपता. चरकाच्या सख्या जागत होत्या, आज्या जागत होत्या. आशाताईही त्याच दिवसांवर नजर ठेवतात, फक्त कुठे पाहायचे ते त्यांना ठाऊक आहे.

महाराष्ट्रात आज शंभरातली सुमारे पंच्याण्णव बाळंतपणे दवाखान्यात होतात, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. तरी दोन-तीन दिवसांत बाळंतीण घरी येते. पाचवी घरीच होते. म्हणून घरच्या पुरुष मंडळींनी चार खुणा ध्यानात ठेवाव्यात. बाळ प्यायचे थांबले, अंग गार पडले किंवा तापले, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाला, छाती खोल आत ओढली जाऊ लागली, तर लिंबलोण उतरत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा. आईला थंडी वाजून ताप आला, अंगावरून फार जाऊ लागले, तरीही तेच. आणि तिचे रडणे दोन आठवड्यांनंतरही थांबत नसेल, बाळाकडे बघावेसेच वाटत नसेल, तर "नखरे करते" म्हणू नये. तो आजार आहे आणि त्यावर उपाय आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलांना घरी विचारायला सांगा: आजी, तुझ्या वेळी बाळंतिणीची खोली कशी होती? नाळ कशानं कापली? तुझी किती झाली आणि किती राहिली? शेवटचा प्रश्न हळुवारपणे विचारायला शिकवा. पुष्कळ आज्या तिथे थांबतात. त्या उत्तरांतून गावाचा एक इतिहास तयार होईल, जो कुठल्या दप्तरात नाही.

आणि पाचवी जरूर पुजा. दिवा लावा, रात्र जागवा, बाळंतिणीला मात्र झोपू द्या. तेवढी एक रात्र तरी बाळ दुसऱ्या कुणी घ्यावे, फक्त प्यायला तिच्याकडे द्यावे.