कागद कोणाच्या कपाटात?

कारखान्यात कामगाराच्या हाताखाली तीन प्रकारच्या वस्तू असतात. हत्यार मालकाच्या स्टोअरमधून येते. तयार काम निराळे ठेवले जाते. आणि लोखंडाचा कीस दिवसाअखेर झाडून टाकतात. तिन्ही एकाच पेटीत कोंबल्या तर झाडूबरोबर कामही जायचे, हे उभा जन्म कामगारांत काढलेल्या आम्हांस कोणी शिकवावयास नको. संगणकाच्या जगात मात्र ही वाटणी होण्यास कित्येक वर्षे लागली. शाळा लवकर सुटलेल्या आम्ही हा इतिहास तरुण मंडळींना विचारून आणि मिळेल ते वाचून जुळविला आहे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली रचावयास घेतली. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणारा मुकादमच. एका यंत्रावर अनेक माणसे काम करीत. म्हणून प्रोग्रॅम सामाईक जागी राहिले आणि प्रत्येक माणसास स्वतःचे फोल्डर, म्हणजे ‘होम’, मिळाले. पाया उत्तम होता. परंतु माणसाच्या आवडीनिवडी प्रोग्रॅमने टिपून ठेवायच्या कोठे? फायलींची यादी दाखविताना टिंबाने सुरू होणारी नावे वगळावयाची, अशी एक सोपी युक्ती युनिक्समध्ये केलेली होती. तिचा मूळ हेतू अगदी किरकोळ होता, आणि लपलेल्या फायलींची प्रथा त्यातून अपघाताने निघाली, असे त्याच प्रयोगशाळेत काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ साली लिहिले. मग जो तो प्रोग्रॅम टिंबाचे नाव लावून घरात बिऱ्हाड करू लागला. घरधन्यास न दिसणारे हे पोटभाडेकरू!

१९८१ साली आयबीएमच्या छोट्या संगणकाबरोबर मायक्रोसॉफ्टची डॉस आली. फोल्डरात फोल्डर ठेवण्याची सोय तिला १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत मिळाली. यंत्र एकाच माणसाचे, असे धरून चालल्यामुळे प्रोग्रॅम आणि त्यावर लिहिलेली पत्रे पुष्कळदा एकत्रच राहत. प्रोग्रॅम नको म्हणून फोल्डर पुसले, की पत्रेही जात.

पुढे यंत्रे कचेऱ्यांत शिरली आणि एका खुर्चीवर पाळीपाळीने अनेकजण बसू लागले. मायक्रोसॉफ्टच्या १९९६ च्या विंडोज एनटी ४ मध्ये प्रत्येक माणसाचे वेगळे दप्तर होते. तरीही अनेक प्रोग्रॅम स्वतःच्याच जागेत लिहीत राहिले. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टाने सामान्य वापरणाऱ्यास तेथे लिहिण्याची मनाई केली, आणि जुने प्रोग्रॅम लिहू लागले तर त्यांच्या फायली गुपचूप दुसरीकडे वळविल्या. प्रोग्रॅमच्या दप्तरातही भाग पडले: ‘रोमिंग’ म्हणजे माणसाबरोबर एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाऊ शकणारे, आणि ‘लोकल’ म्हणजे त्याच यंत्रावर राहणारे.

ॲपलने २००१ च्या मॅक ओएस टेनमध्ये प्रत्येकाच्या घरात ‘लायब्ररी’ नावाची कोठी दिली. आवडीनिवडी, प्रोग्रॅमची सामग्री आणि तात्पुरता माल यांना तीत निरनिराळे कप्पे होते. २०११ साली ती कोठी नजरेआड करण्यात आली. लिनक्सवाल्यांनी २००३ साली आपसांत नियम ठरविला: मांडणी एकीकडे, सामग्री दुसरीकडे, आणि केव्हाही फेकता येईल असा माल तिसरीकडे. नियम चांगला, पण तो पाळावयास लावणारे कोणी नाही, आणि कित्येक जुने प्रोग्रॅम अजून टिंब लावून घरातच बसले आहेत. करार झाला म्हणजे अंमल झाला असे नव्हे, हे आम्हांस वेगळे सांगावयास नको.

मोबाइलने उलट टोक गाठले. २००८ साली ॲपलचे ॲप स्टोअर उघडले, तेव्हा प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची कुलूपबंद खोली होती. एकाने दुसऱ्याचे कागद चाळू नयेत, हा हेतू रास्तच. अँड्रॉइडनेही २०१९ पासून सामाईक जागेवरचा प्रोग्रॅमांचा मोकाट वावर आवरला. परंतु ॲप काढून टाकले की त्याची खोलीही मोडली जाते, आणि आतला कागद बाहेर काढून ठेवलेला नसेल तर तोही तिच्याबरोबर जातो.

आज पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, नेमणुकीचे पत्र ही कामगाराची ढाल मोबाइलातच असते. नोकरी सुटून ग्रॅच्युइटीचा तंटा उभा राहतो, तेव्हा पहिला प्रश्न पुराव्याचा येतो. आणि ज्या ॲपमध्ये चिठ्ठ्या दिसत होत्या ते तर कंपनीचे! म्हणून कोणताही प्रोग्रॅम हाती घेताना श्रोत्यांनी दोन प्रश्न विचारावेत: हा उद्या गेला तर माझा कागद राहील काय? आणि तो दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडेल काय? दोहोंचे उत्तर ‘होय’ नसेल, तर कागदाची एक प्रत आजच काढून आपल्या कपाटात ठेवावी.