ईसीजीतील ‘क्यूटी’ : हृदयाच्या तालाचे मोजमाप

ईसीजीचा कागद हाती आला की आपल्याकडे बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘अ‍ॅटॅक तर नाही ना?’ डॉक्टरांनी ‘नाही’ म्हटले की तो कागद घडी घालून फायलीत जातो. यंत्राने त्याच कागदावर छापलेल्या आकड्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्यांतील ‘क्यूटीसी’ या अक्षरांपुढचा आकडा हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा आहे किंवा नाही, हे सांगत नाही. हृदयाचा ताल अकस्मात बिघडण्याची शक्यता किती, याचा तो एक निर्देशक आहे.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी स्नायूंतून विद्युतलहर जाते. ईसीजीच्या आलेखावर या लहरीचे जे चढउतार दिसतात, त्यांना पी, क्यू, आर, एस आणि टी ही नावे डच शास्त्रज्ञ विलेम आइन्थोव्हेन यांनी दिली. या कार्यासाठी त्यांना १९२४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. क्यूपासून टीच्या शेवटापर्यंतचा अवधी म्हणजे क्यूटी. या अवधीत हृदयाचे खालचे कप्पे विद्युतदृष्ट्या उत्तेजित होतात आणि पुढील ठोक्यासाठी पुन्हा सज्ज होतात. सज्ज होण्याची ही क्रिया मुख्यतः पेशींतून पोटॅशियम बाहेर पडण्यावर अवलंबून असते. ती रेंगाळली, तर त्या नाजूक क्षणी उमटलेला एखादा अवेळी ठोका संपूर्ण ताल उधळून लावू शकतो. अशा वेळी आलेखावरील लहरी दोरीला पीळ पडावा तशा मध्यरेषेभोवती फिरताना दिसतात. फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ देसर्तेन यांनी १९६६ मध्ये या विकाराचे वर्णन करून त्याला ‘तोर्साद द प्वांत’ हे नाव दिले. रुग्णाला चक्कर येते, शुद्ध हरपते. पुष्कळदा ताल आपोआप पूर्ववत होतो. पण तसे न झाल्यास काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो.

क्यूटी मोजणे वरवर पाहता सोपे वाटते. ईसीजीचा कागद साधारणपणे सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. म्हणजे एक लहान चौकोन ४० मिलिसेकंदांचा आणि एक मोठा चौकोन २०० मिलिसेकंदांचा. चौकोन मोजले की काम झाले! अडचण अशी की, नाडी जलद झाली की क्यूटी आपोआप आखडतो आणि मंदावली की लांबतो. म्हणून तो नाडीच्या वेगानुसार दुरुस्त करावा लागतो. क्यूटीसीमधील ‘सी’ ही त्या दुरुस्तीचीच खूण. यासाठी बॅझेट यांनी १९२० मध्ये मांडलेले सूत्र आजही अनेक यंत्रे वापरतात. त्यानुसार दोन ठोक्यांमधील सेकंदांच्या वर्गमुळाने क्यूटीला भागले जाते. त्याच वर्षी फ्रिडेरिशिया यांनी वर्गमुळाऐवजी घनमूळ सुचवले.

हा फरक केवळ गणिती नाही. समजा, रुग्णाची नाडी मिनिटाला १०० आहे आणि मोजलेला क्यूटी ३६० मिलिसेकंद आहे. बॅझेट यांच्या सूत्राने क्यूटीसी सुमारे ४६५ येतो, तर फ्रिडेरिशिया यांच्या सूत्राने सुमारे ४२७. ठोकळमानाने पुरुषांत ४५० आणि स्त्रियांत ४६० मिलिसेकंदांपर्यंतचा क्यूटीसी स्वाभाविक मानतात. म्हणजे एकाच कागदावरून एक सूत्र धोक्याची सूचना देते आणि दुसरे निश्चिंत राहा म्हणते! नाडी जलद असताना बॅझेट यांचे सूत्र आकडा फुगवते, हे तज्ज्ञांना ठाऊक आहे. शिवाय टी लहर नेमकी कोठे संपते, याबाबत यंत्राची फसगत होते. त्यामुळे आकडा वाढलेला दिसला की डॉक्टरांनी तो स्वतः मोजून पाहणे आवश्यक ठरते. मात्र पुन्हा मोजूनही तो ५०० च्या पुढे असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

क्यूटी लांबण्याचे एक नेहमीचे कारण आपल्या घरातील औषधांच्या डब्यात सापडते. टरफेनॅडीन हे अ‍ॅलर्जीवरील औषध एके काळी निर्धोक समजले जात असे. बुरशीनाशक किटोकोनॅझोलसोबत घेतल्यास ते शरीरात साचते आणि ताल बिघडवते, हे उघड झाल्यावर १९९८ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेले. पोटाच्या तक्रारींवरील सिसाप्राइडवर भारतात २०११ मध्ये बंदी आली. आम्लपित्ताच्या अनेक गोळ्यांत मिसळलेल्या डोम्पेरिडोनच्या वापरावर युरोपात २०१४ पासून मात्रेची आणि मुदतीची मर्यादा आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके आणि काही मनोविकारांवरील औषधेही या यादीत येतात. २०२० मध्ये कोविडच्या साथीत हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन व अ‍ॅझिथ्रोमायसिन एकत्र देताना क्यूटीवर लक्ष ठेवावे लागत होते, ते याच कारणाने.

एकटे औषध बहुतेकांना बाधत नाही. धोका वाढतो तो कारणे एकत्र आल्यावर. वृद्ध स्त्री, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, त्यात जुलाब-उलट्यांनी उतरलेले पोटॅशियम व मॅग्नेशियम, आणि वर दुकानातून परस्पर आणलेले प्रतिजैविक, असा योग जुळून येणे आपल्याकडे मुळीच दुर्मिळ नाही.

काहींमध्ये हा दोष जन्मजात असतो. सुमारे दोन हजारांत एकाला तो असावा, असा अंदाज आहे. पोहताना, धावताना किंवा गजराच्या आवाजाने दचकून मूल बेशुद्ध पडले, तर त्याला फेफरे समजून वर्षानुवर्षे उपचार चालू राहतात आणि साधा ईसीजी काढण्याचे राहून जाते. निदान झाल्यास बीटा-ब्लॉकर औषधांनी पुष्कळांना संरक्षण मिळते. काही निवडक रुग्णांत छातीत डिफिब्रिलेटर बसवावा लागतो. एका ईसीजीत क्यूटी स्वाभाविक आला म्हणून हा दोष नाहीच, असे मात्र म्हणता येत नाही. घरात कोणी तरुण वयात अचानक दगावले असेल, तर तो इतिहास डॉक्टरांना आवर्जून सांगावा. जुने ईसीजी जपून ठेवावेत. नवे औषध सुरू करताना तुलनेसाठी त्यांच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही. चालू असलेले औषध मात्र हा लेख वाचून कोणी परस्पर बंद करू नये.