वतन गेले, नावही गेले

11 मे 1944 रोजी स्टालिनने एका हुकुमावर सही केली आणि क्राइमियाच्या तातारांची अख्खी कौम गद्दार ठरली. जर्मन फौजांना त्यांनी साथ दिली, हा आरोप. काहींनी दिली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वेळी हजारो तातार लाल सेनेत लढत होते. सोव्हिएत संघाचा ‘वीर’ हा किताब दोनदा मिळवणारा वैमानिक अमेत-खान सुलतान याची आई तातारच होती. काहींच्या करणीचा जाब साऱ्या जमातीला विचारण्याची रीत आपल्याला अनोळखी नाही.

18 मेच्या पहाटे बेरियाचे शिपाई दारे ठोठावू लागले. कागदावर प्रत्येक कुटुंबाला 500 किलो सामान नेण्याची मुभा होती. प्रत्यक्षात अनेकांना जेमतेम 15 मिनिटे मिळाली. घरात बायका, मुले आणि म्हातारी माणसे. कर्ते पुरुष आघाडीवर. तीन दिवसांत 1,80,000हून अधिक लोक मालगाड्यांत कोंडून उझबेकिस्तान आणि उरलकडे पाठवले गेले. वाटेत मेलेल्यांच्या नशिबी जनाजाही नव्हता; मय्यत रुळांच्या कडेला टाकून गाडी पुढे निघे. उझबेक गावांत हे लोक पोचण्याआधीच त्यांची गद्दार म्हणून बदनामी पोचली होती. भूक आणि मलेरियाने पहिल्या काही वर्षांत हजारोंचा बळी घेतला. लढाई जिंकून परतलेल्या तातार सैनिकांनाही याच वनवासात धाडण्यात आले. या साऱ्याला तातार एकच शब्द वापरतात : सुर्गुन.

जमीन घेऊन सरकारचे भागले नाही. गावांची तातार नावे पुसली गेली. करासुबाजारचे बेलोगोर्स्क झाले. 1948च्या हुकुमाने वनवास कायमचा ठरला आणि पळून जाणाऱ्याला 20 वर्षे सक्तमजुरी. 1954 साली क्राइमिया युक्रेनला जोडला गेला, तेव्हा तिथे तातार उरलेच नव्हते. 1956 साली पहारा उठला, पण घरी परतण्याचा हक्क मिळाला नाही. 1967 साली सरकारने सरसकट आरोप मागे घेतला. मात्र त्या फर्मानात त्यांना ‘क्राइमियाचे तातार’ म्हटले नाही. ‘पूर्वी क्राइमियात राहणारे तातार नागरिक’ म्हटले. जणू ते तिथले भाडेकरू होते!

मुस्तफा जमिलेव हद्दपारीच्या वेळी सहा महिन्यांचे होते. घरवापसीची मागणी केली म्हणून त्यांनी अनेकदा तुरुंग भोगला; 1975-76मध्ये 303 दिवस उपोषण केले. 1980च्या दशकाच्या अखेरीस लोक परतू लागले, तर वाडवडिलांच्या घरांत दुसरेच राहत होते. मग त्यांनी मोकळ्या माळावर घरे उभारली. 2014 साली रशियाने क्राइमिया बळकावला आणि त्याच वर्षी जमिलेव यांना क्राइमियात प्रवेशबंदी झाली. 2016 साली तातारांची प्रतिनिधी सभा, मेजलिस, बेकायदा ठरवण्यात आली.