सूर्यावरील डाग आणि १८७६-७८ चा दुष्काळ

१८७६-७८ च्या दुष्काळात मद्रास व मुंबई इलाखे होरपळत असताना विल्यम हंटर यांनी १८७७ मध्ये असे प्रतिपादन केले की, मद्रासकडील अवर्षण सूर्यावरील डागांच्या ११ वर्षांच्या चक्राशी निगडित आहे. ही उपपत्ती पुढे कसोटीस उतरली नाही. त्या चक्रात सूर्याच्या प्रारणात पडणारा फरक सुमारे ०.१ टक्का इतकाच असतो. अवर्षणास पॅसिफिक महासागरातील प्रबळ एल निनो कारणीभूत झाला, असे आज मानले जाते. तथापि पाऊस नसताना, त्याच काळात भारतातून धान्याची निर्यात चालूच होती. म्हणून अवर्षणाची कारणमीमांसा आणि दुष्काळाची कारणमीमांसा या दोन गोष्टी इतिहासाच्या अभ्यासकाने स्वतंत्रच समजल्या पाहिजेत; पहिली निसर्गाच्या अभ्यासातून होईल, दुसरीसाठी शासनाची दप्तरे तपासावी लागतील.