पौषातला नाणेघाट

डिसेंबर-जानेवारीतल्या शनिवार-रविवारी कल्याणहून मुरबाड, टोकावडे ओलांडत जाणाऱ्या एसटीत पाठपिशव्या घेतलेल्या मित्रमंडळींचे घोळके हमखास दिसतात. वैशाखऱ्याच्या पुढे उतरून ते रानातली वाट धरतात. नाणेघाटात खरी झुंबड उडते ती पावसाळ्यात, वाऱ्याने उलटं उडणारं पाणी बघायला. पण हा घाट समजून घ्यायचा तर थंडीत यावं, आणि तेही कोकणातून चढून. जुन्नरकडून गाडीने थेट घाटमाथा गाठणाऱ्याला लेणं दिसतं; ते नेमकं तिथेच का कोरलं, हे मात्र पायांनाच कळतं.

वाटेचा मूळ हंगामही हिवाळ्याचाच असणार. इजिप्तच्या बंदरांतून जुलैच्या सुमारास निघालेली जहाजं नैर्ऋत्येचा वारा धरून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याला लागत आणि डिसेंबर-जानेवारीत ईशान्येच्या वाऱ्यावर माघारी फिरत. तेव्हा देशावरचा माल बंदरात उतरायचा आणि बंदरातला वर चढायचा तो पाऊस सरल्यावरच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. पैठण आणि तेर या पेठांचाही आहे. कल्याणहून जुन्नरमार्गे पैठणकडे निघालेल्या तांड्याला सह्याद्री ओलांडायला मिळालेली जागा म्हणजे हा घाट.

खालची झाडी संपली की कातळ लागतो. मग दगडी पायऱ्या, कातळात खोदलेली पाण्याची टाकी. थंडीतसुद्धा इथे घाम फुटतो, आणि लादलेल्या जनावरांसह चढणाऱ्यांना या टाक्यांचं मोल काय असेल ते ध्यानात येतं. डोक्यावर नानाचा अंगठा उभा असतो, पलीकडे जीवधन आणि त्याला खेटून वानरलिंगीचा सुळका. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे चार किल्ले या वाटेच्या आसपास उभे आहेत.

खिंडीच्या अगदी तोंडाशी लेणं आहे. चैत्य नाही, विहार नाही, मूर्ती पुजायचं गर्भगृह नाही. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरले होते. सिमुक, श्रीसातकर्णी, राणी नागनिका, राजकुमार आणि महारठी त्रणकयिरो. पुतळे गेले, पावलांच्या खुणा आणि वरची नावं तेवढी राहिली. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक प्राकृत लेख आहे. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन, पुढे अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञांची यादी आणि प्रत्येक यज्ञाची दक्षिणा. एका ठिकाणी १०,००१ गाई, दुसऱ्या ठिकाणी २४,४०० कार्षापण. हे आकडे अंकचिन्हांत कोरले आहेत. त्यात शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत. भारतीय अंकांच्या इतिहासातला हा फार जुना आणि मोलाचा पुरावा.

घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. लेखात जकातीचा शब्द नाही. पण दमून वर आलेला प्रत्येक तांडा जिथे टेकणार, नेमक्या त्याच सावलीत राजघराण्याने आपले पुतळे आणि आपलं औदार्य कोरून ठेवलं. राज्य कोणाचं, हे कोणी वेगळं सांगायची गरज उरली नसेल.

कर्नल साइक्स १८२८च्या सुमारास इथे आले आणि लेण्याची माहिती विद्वानांपर्यंत पोचली. भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ साली इथल्या अंकांवर निबंध लिहिला. १८८३मध्ये ब्यूलर यांनी लेखाचं वाचन प्रसिद्ध केलं. पण तोवर बोरघाटात १८३०चा गाडीरस्ता आणि १८६३ची रेल्वे होऊन गेली होती. थळघाटातही १८६५मध्ये आगगाडी चढली. चाकं चालू न शकणाऱ्या नाणेघाटाचा व्यापारी भर ओसरला तो कायमचा.

बहुतेक घोळके लेण्यापुढे डबे उघडतात, रांजणाशी फोटो काढतात आणि संध्याकाळच्या गाडीसाठी उतरणीला लागतात. हाताशी आणखी एक दिवस असेल तर त्यांनी घाटघरहून जुन्नर गाठावं. नाणेघाटाच्या भिंतीवर राजे बोलतात. जुन्नरच्या डोंगरांत बाजार बोलतो. तिथल्या लेण्यांच्या दानलेखांत इरिल, चिट अशी यवनांची नावं आहेत. वेळूकाम करणारे आहेत, कासार आहेत. आणि धान्य व्यापाऱ्यांची एक श्रेणी आहे, जिने सात खोल्यांचं लेणं आणि सोबत पाण्याचं एक टाकं दान दिलं.