शालेय मुद्रणयंत्र आणि मुलांचे लेखन : सेलेस्तँ फ्रेने यांच्या प्रयोगाचा इतिहास (१९२४–१९३६)

प्रास्ताविक

शाळेतील मुलाचे लेखन परंपरेने एकाच वाचकासाठी असते. तो वाचक म्हणजे शिक्षक. मूल लिहिते, शिक्षक चुका काढतो, गुण देतो आणि वही मिटते. हे लेखन वर्गाबाहेर नेऊन खऱ्या वाचकापर्यंत पोहोचविण्याचा विसाव्या शतकातील एक महत्त्वाचा प्रयत्न फ्रान्समधील प्राथमिक शिक्षक सेलेस्तँ फ्रेने (१८९६–१९६६) यांनी केला. प्रस्तुत लेखात या प्रयोगाची जडणघडण आणि त्यातून उद्भवलेला संघर्ष यांचा विचार केला आहे.

शाळेत छापखाना ही कल्पना फ्रेने यांची नव्हे. पॉल रोबँ हे १८८० ते १८९४ या काळात संचालक असताना साँप्वी येथील अनाथालयात मुद्रणाची कार्यशाळा होती. तेथे मुद्रण हा शिकण्याचा एक व्यवसाय होता. फ्रेने यांनी मात्र ते खेड्यातील सामान्य वर्गात वाचन-लेखनाचे साधन म्हणून आणले. हा फरक लहान नाही.

बार-स्यूर-लू येथील वर्ग

आल्प-मारितीम प्रांतातील गार या डोंगराळ गावी जन्मलेले फ्रेने पहिल्या महायुद्धात १९१७ साली छातीत गोळी लागून जखमी झाले. दीर्घ उपचारांनंतर १९२० मध्ये बार-स्यूर-लू या गावी त्यांची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. जखमी फुप्फुसांमुळे त्यांना वर्गात फार वेळ बोलता येत नसे आणि म्हणूनच त्यांनी वेगळी पद्धती शोधली, असे सांगितले जाते. स्वतः फ्रेने यांनीही तसे म्हटले आहे. तथापि एवढ्या कारणाने सर्व उलगडा होत नाही. युद्धातून जखमी होऊन परतलेले शिक्षक युरोपात पुष्कळ होते. फ्रेने यांनी १९२२ मध्ये हॅम्बुर्ग येथील प्रयोगशील शाळा पाहिल्या, १९२३ मध्ये माँत्रो येथील नवशिक्षण परिषदेस ते उपस्थित राहिले, अदॉल्फ फेरिएर यांचे लेखन त्यांनी वाचले आणि १९२५ मध्ये सोव्हिएत रशियाचा दौरा केला. ग्रामीण कष्टकऱ्यांच्या मुलांची शाळा कशी असावी, हा प्रश्न त्यांच्यापुढे राजकीय अर्थानेही उभा होता.

१९२४ मध्ये त्यांनी एक लहानसे हातछपाईचे यंत्र आणले. वर्गातील कामाचा क्रम असा असे. मुले स्वतःच्या मनाने काही लिहीत : शेतातले, घरातले, रस्त्यात पाहिलेले. लेखांचे वाचन होई व छापावयाचा मजकूर मुले मतदानाने निवडीत. नंतर तो फळ्यावर लिहून सर्वांनी मिळून सुधारला जाई. मग खिळे जुळविण्याचे काम. एकेक मुलगा एकेक ओळ जुळवी. खिळ्यावरील अक्षर उलटे असल्यामुळे जुळविणाऱ्यास शब्दातील प्रत्येक अक्षराकडे बारकाईने पाहावेच लागे. शुद्धलेखनाचा याहून कठोर शिक्षक मिळणे अवघड. शेवटी शाई, दाब आणि छापील पान. अशी पाने एकत्र बांधून ‘जीवनपुस्तक’ तयार होई. पाठ्यपुस्तकाची जागा हळूहळू याच पानांनी घेतली.

परंतु या पद्धतीचा खरा विस्तार झाला तो १९२६ मध्ये. ब्रिटनी किनाऱ्यावरील त्रेगँक परिसरातील शिक्षक रने दानिएल यांच्या वर्गाशी बार-स्यूर-लूच्या वर्गाचा नियमित पत्रव्यवहार सुरू झाला. एक गाव भूमध्य समुद्रामागच्या डोंगरउतारावर संत्र्याच्या फुलांचे पीक घेणारे. दुसरे अटलांटिकच्या काठी, मासेमारीवर जगणारे. छापील पाने टपालाने जाऊ-येऊ लागली. आता अस्पष्ट वाक्य लिहिल्यास त्रेगँकच्या मुलास ते समजणार नाही, एवढे कारण वाक्य नीट करण्यास पुरेसे होते. १९२७ मध्ये फ्रेने यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी तूर येथे या शिक्षकांचे पहिले संमेलन भरले आणि पुढे त्यांनी सहकारी संस्थाही उभारली.

सँ-पॉल प्रकरण

फ्रेने १९२८ मध्ये शेजारच्या सँ-पॉल या गावी गेले. शाळेची दुरवस्था व मोफत शालेय साहित्य यांवरून त्यांचे नगरपालिकेशी मतभेद होतेच. अशात एका मुलाने आपले स्वप्न लिहिले : साहित्याचे पैसे न देणाऱ्या मेअरविरुद्ध वर्गाने बंड केले आणि मारामारीत मेअर ठार झाला. हा मजकूर छापला गेला. डिसेंबर १९३२ मध्ये तो गावाच्या भिंतींवर झळकला. मात्र तो लावला होता फ्रेने यांच्या विरोधकांनी, शिक्षक मुलांना हिंसा शिकवितो याचा पुरावा म्हणून. शार्ल मोरास यांच्यासारख्या उजव्या विचारांच्या लेखकांनी प्रकरण राष्ट्रीय पातळीवर नेले. एप्रिल १९३३ मध्ये शाळेसमोर जमाव आला. त्याच वर्षी प्रशासनाने फ्रेने यांना सँ-पॉलमधून हलविले.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. फ्रेने यांच्या चरित्रकारांचा कल या प्रकरणात केवळ प्रतिगाम्यांचे कारस्थान पाहण्याकडे असतो. कारस्थान होते, यात शंका नाही. पण ज्या क्षणी मुलाचा मजकूर छापला जातो त्या क्षणी त्याचे वाचक कोण असतील हे शिक्षकाच्या हातात राहत नाही, हेही तितकेच खरे. दूरच्या मित्र-वर्गासाठी लिहिलेले स्वप्न गावच्या राजकारणाने वाचले. मुलाच्या शब्दांची जबाबदारी शेवटी शिक्षकाने उचलली व तिची किंमत नोकरीतील स्थानाने मोजली. १९३५ मध्ये पत्नी एलीझ यांच्यासह त्यांनी व्हाँस येथे स्वतःची शाळा सुरू केली.

स्पेनमधील पडसाद

पर्यवेक्षक एर्मिनिओ आल्मेन्द्रोस यांच्या १९३२ च्या पुस्तकामुळे ही पद्धती स्पेनमध्ये पोहोचली. कॅटलन शिक्षक आन्तोनी बेनाइजेस १९३४ मध्ये बुर्गोस प्रांतातील बान्युएलोस दे बुरेबा या लहानशा गावी रुजू झाले व त्यांनी स्वखर्चाने मुद्रणयंत्र घेतले. समुद्र कधीही न पाहिलेल्या मुलांनी समुद्र कसा असेल याविषयी लिहिलेली पुस्तिका १९३६ च्या प्रारंभी या वर्गाने छापली. उन्हाळ्यात मुलांना समुद्र दाखविण्याचे वचन बेनाइजेस यांनी दिले होते. जुलै १९३६ मध्ये लष्करी उठाव झाला आणि त्याच महिन्यात त्यांची हत्या करण्यात आली. २०१० मध्ये ला पेद्राखा येथील सामूहिक दफनस्थळाचे उत्खनन झाले. तेथे त्यांचे अवशेष ओळखता आले नाहीत. मुलांनी जुळविलेल्या खिळ्यांच्या काही पुस्तिका मात्र शिल्लक आहेत.